टोपाची बोळवण

आमच्या दालनाचं उद्घाटन अर्धवट राहिलं असं मी म्हटलं, की दयानंद सर चिडतात. फीत कापली, दिवा लावला, साहेबांचं भाषण झालं, जेवणं झाली, पेपरात फोटो आला, आता आणखी काय राहिलं, असं ते विचारतात. दयानंद सर आमचे संचालक. माणूस वाईट नाही, पण फोटो आला की काम झालं असं मानणाऱ्यांपैकी आहे, आणि अशांची आपल्याकडे कधी टंचाई पडलेली नाही.

मी जया. शिरूर अनंतपाळच्या शेतकरी घरातली. आमच्या घरात भिंतीवर चित्र म्हणजे खताच्या दुकानाचं कॅलेंडर. त्यातून शिकत शिकत मी नांदेडच्या गोदातीर कलादालनात आले आणि आदिवासी कलेचं नवं दालन मांडायचं काम माझ्याकडे आलं. काम दुहेरी होतं. वस्तू जमवून मांडायच्या, आणि ज्यांच्या त्या वस्तू आहेत त्या माणसांनाही दालनात आणायचं, म्हणजे आपण चोरबाजार मांडलाय असं वाटायला नको. यातलं दुसरं काम अवघड, असं मला वाटायचं. वस्तू काय, कपाटात ठेवली की गप्प बसते.

ऑगस्टमध्ये, आदिवासी दिनाला उद्घाटन ठरलं. मी किनवटच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या कोसमगुड्याला खेटे घातले. गुडा म्हणजे गोंडांची वस्ती. तिथे दिवाळीत दंडारीचा नाच होतो आणि त्यात गुसाडी नाचतो. अंगभर राख, कमरेला आणि पायांत घुंगरं, हातात काठी, डोक्यावर मोरपिसांचा हातभर उंच टोप. हा टोप चढला की त्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. तो अंघोळ करत नाही, बाजेवर झोपत नाही, बायकोला शिवत नाही. तेवढे दिवस तो देव. शेवटी बोळवण होते. त्या गुड्याची रीत अशी, की नाच पुरा झाल्यावर पटेलानं, म्हणजे वस्तीच्या मुख्यानं, टोप उतरवायचा आणि नाव घेऊन तीनदा हाक मारायची. पहिल्या दोन हाकांना कुणी बोलत नाही. तिसरीला माणूस ‘ओ’ देतो. मग गरम पाण्याची अंघोळ आणि मग घर.

दिवाळी सोडून भलत्या वेळी टोप काढायला पटेल तयार नव्हते. दोनदा त्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्यांदा म्हणाले, “आमच्या पोरान्ला शाळेत कुणी विचारत न्हाई तुमचं काय हाय म्हणून. बघू दे एकदा लोकान्ला. पण ताई, उठवलं तर निजवाय पायजे. अर्ध्यात सोडायचं न्हाई.” मी शब्द दिला, आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘बोळवण’ असं स्वतंत्र छापून घेतलं.

साहेब लातूरला एका लग्नात अडकले आणि यायला दुपार टळली. त्यांचं नाव सांगत नाही, नांदेडच्या कुठल्याही फलकावर सापडतील तसे ते साहेब. ते बसले आणि ढोल सुरू झाला. टोप घातला होता लच्छू आत्रामनं. एरवी लाजरा, तिशीतला, खांदे पडलेला माणूस. मला त्याचं बोलणं आठवत नाही, कारण तो कधी बोललाच नव्हता. पण ढोलावर काठी पडली आणि तो मंचावर आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर सावरले. एवढ्या गर्दीत मोबाईल खाली गेलेले मी पहिल्यांदा पाहिले. माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटला.

आणि मग निवेदकानं माईक घेतला. वेळेअभावी, तो म्हणाला, आपण हा सुंदर नृत्याविष्कार इथेच थांबवत आहोत. ढोल थांबला. लच्छूचा उजवा पाय वर होता, तो तसाच वर राहिला.

आपल्याकडे पाहुणा आला की त्याच्या डोक्यावर काहीतरी चढवल्याशिवाय लोकांचा जीव थाऱ्यावर येत नाही. फेटेवाला सांगितला होता, तो साहेबांसारखाच कुठल्यातरी लग्नात अडकला. दयानंद सरांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि त्यांची नजर टोपावर गेली. मी खुर्च्या ओलांडत मंचाकडे निघाले होते. मी पोचायच्या आत त्यांनी दोन्ही हातांनी टोप लच्छूच्या डोक्यावरून उचलला आणि साहेबांच्या डोक्यावर ठेवला. टाळ्या. फोटो. साहेब खूश झाले, आणि खूश झालेला साहेब आणखी धोकादायक असतो. ते म्हणाले, “हा ठेवा आता जनतेचा. हा या दालनातच राहिला पाहिजे.” पुन्हा टाळ्या. टोप सरांच्या हातात आला. लच्छूनं वर धरलेला पाय हळूच खाली ठेवला, दुसऱ्या कुणाचा पाय जपून ठेवावा तसा.

पटेल उठले आणि पुन्हा बसले. समोर साहेब, बाजूला पोलीस, हातात शाल आणि नारळ. मी त्यांना म्हटलं, संध्याकाळपर्यंत टोप परत आणून देते. संध्याकाळी सरांनी टोप काचेच्या कपाटात ठेवून घेतला आणि म्हणाले, साहेबांनी जाहीर केलंय, आता मी काय करणार? कोसमगुड्याची माणसं टेम्पोत बसून वाट बघत होती. शेवटी ती तशीच गेली.

घुंगरं मी पहिल्यांदा ऐकली ती दुपारी, ऊन भरपूर असताना. दालनात मी एकटीच होते, मातीच्या बैलांच्या खाली लावायच्या चिठ्ठ्या डकवत. मागून घुंगरांचा आवाज आला. छन छन, छन छन, छन... आणि थांबला. वळून पाहिलं तर कुणी नाही. टोप काचेत. घुंगरं तर लच्छूच्या पायांत होती, ती त्याच्यासोबत गेली होती. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं, आणि तिथेच थांबलं. त्या दिवशी ढोल जिथे थांबला होता, तिथे.

रामलिंग आमचा राखणदार. लोह्याकडचा, बोलका, कशालाच न भिणारा. त्यानं आठवड्याभरात दालनात बसायचं सोडलं आणि खुर्ची जिन्यात आणली. “आवाजाचं काय न्हाई मॅडम,” तो म्हणाला, “आवाजाला कोन भितंय. पर त्यो अर्ध्यात थांबतो ना, मग आपुनच वाट बघत बसतो. काल घरी जेवताना हात तोंडापशी नेला अन् तसाच धरून बसलो. बायको म्हणली, काय झालं? मी म्हणलं, फुडचं पाऊल पडू दे.”

मी त्याला हसले. मग माझंही तेच झालं. जिना उतरताना शेवटच्या पायरीवर माझा पाय वर राहायला लागला. मला भीती वाटायची, पण ती भुताची नव्हती. कुणीतरी उभा आहे, त्याला पुढं जायचंय आणि त्याला कुणी जाऊ देत नाही, हे मला कळत होतं आणि माझ्या हातात काहीच नव्हतं, त्याची ती भीती होती.

गणपती उठले आणि पटेलांचा फोन आला. “ताई, एकदा येऊन बघून जावा.” एवढंच बोलले.

लच्छू घराबाहेर मोहाच्या झाडाखाली कातड्यावर बसला होता. अंगावर उद्घाटनाच्या दिवसाची राख. मधे एवढा पाऊस पडून गेला होता, तरी ती होती. केस चिकटलेले, डोळे उघडे. मी समोर बसले तरी त्यानं पाहिलं नाही. बोळवण झाली नव्हती, म्हणून त्याला कुणी नावानं हाक मारत नव्हतं आणि घरात घेत नव्हतं. त्याच्यापुढं पानावर ज्वारीची भाकरी ठेवली होती, ती घरच्यासारखी नाही, नैवेद्यासारखी. तीन-चार वर्षांची त्याची मुलगी दारातून बघत होती. तिला जवळ जाऊ देत नव्हते.

त्याची बायको जंगूबाई मला आत घेऊन गेली. काळीसावळी, ताठ, राग आवरून बोलणारी. “सकाळी पाया पडते त्याच्या,” ती म्हणाली. “निवद दाखवते. लोक म्हणतेत, भाग्याची हाय, घरात देव हाय. ताई, देवासंगं संसार कसा करू? भांडू कुनासंगं? माजा माणूस लई चांगला हाय असं न्हाई. खेकसायचा, पिऊन यायचा कधीमधी. पण माजा होता. त्यो द्या मला परत.”

“टोप आणते,” मी म्हटलं. या वेळी शब्द दिला नाही, कारण माझ्या शब्दाची किंमत बाहेर झाडाखाली बसली होती.

“दिवाळीच्या आत आणा,” पटेल म्हणाले. “जुनी दंडारी निजली न्हाई तर नवी उठवता येत न्हाई. अन् ह्यो असाच वर्ष वर्ष बसला, तर मग हाक मारून बी ओ देईल का, मला सांगता येत न्हाई.”

दयानंद सरांशी मी आठवडाभर भांडले. आधी ते म्हणाले, समितीपुढे ठेवू. मग म्हणाले, साहेब दसऱ्याला पाहुणे घेऊन दालन बघायला येणार आहेत, तेव्हा कपाट रिकामं दिसलं तर काय सांगू? मग म्हणाले, अगं, त्या माणसाला डॉक्टर दाखवा. मी म्हटलं, दाखवलाय, किनवटला दाखवला आणि नांदेडलाही. डॉक्टरांना काही सापडत नाही, आणि तुम्हाला माहीत आहे काय हरवलंय ते. त्या दिवशी माझा आवाज चढला. रामलिंग जिन्यातून उठून आला.

दुसऱ्या दिवशी सर अगदी लोण्यासारखे मऊ. “तुझं बरोबर आहे, जया,” ते म्हणाले. “देऊन टाकू. पण पिसांना कसर लागली होती म्हणून मी टोप लातूरला रविकिरणकडे साफ करायला पाठवलाय. आठवड्यानं तू तिथूनच घे आणि परस्पर गुड्याला जा.” मी दालनात जाऊन पाहिलं, कपाट खरंच रिकामं होतं. मला एवढा आनंद झाला की मऊपणाचा संशय घ्यायचं सुचलंच नाही.

रविकिरण लातूरला गणपतीचे देखावे, नवरात्राच्या आराशी, लग्नातले मंडप असलं सगळं करतो. हाताला कला आहे, त्यात वाद नाही. त्याच्या शेडमध्ये डिंकाचा आणि रंगाचा वास कोंदला होता. त्यानं खोकं माझ्यासमोर उघडलं. टोप चमकत होता. पिसं टवटवीत, कडेची शिंगं तेल लावल्यागत काळी, मधल्या आरशाच्या चकत्या लखलखीत. “एवढा स्वच्छ?” मी म्हटलं.

“सरांनी सांगितलं होतं, नीट करा,” तो म्हणाला आणि दुसरीकडे बघून खोकं बांधायला लागला. नवरात्र तोंडावर, माणूस घाईत असेल, असं मी मनाशी म्हटलं.

लातूरहून भाड्याच्या गाडीनं निघाले. लोह्याला चहाला थांबले तेव्हा खोकं मांडीवरून खाली ठेवायला जीव होईना. हॉटेलवाला म्हणाला, केक आहे का? मी हो म्हटलं. नांदेडला मुक्काम केला आणि सकाळी कोसमगुड्याला पोचले.

सगळा गुडा जमला होता. पटेलांनी टोप दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. “धुतला का?” त्यांनी विचारलं.

“साफ केलाय,” मी म्हटलं. “कसर लागली होती.”

त्यांनी मान हलवली आणि टोप लच्छूच्या डोक्यावर ठेवला. ढोल वाजला. वाजवणाऱ्यानं बरोबर तिथूनच उचललं जिथे नांदेडला थांबवलं होतं, आणि लच्छू उठला, उजवा पाय वर घेतला आणि खाली टाकला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नाच चांगला नव्हता. पाय जड पडत होते, ढोलाच्या मागं राहत होते. पण दीड महिना कातड्यावर बसलेल्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करायची? नाच संपला. पटेलांनी टोप उतरवला आणि हाक मारली, “लच्छू.”

“ओ,” तो म्हणाला.

पहिल्याच हाकेला, पटेलांचं नाव घेऊन पुरं व्हायच्या आत. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पटेलांनी रीत म्हणून आणखी दोनदा हाक मारली, आणि दोन्ही वेळा त्यानं लगेच ओ दिली, हसून. मग कुणीतरी म्हणालं, लई दिवस वाट बघितली पोरानं, आणि सगळे हसले, मीही हसले. गरम पाणी आलं. जंगूबाईनं त्याच्या पाठीवरची राख स्वतःच्या हातानं चोळून काढली. मुलगी धावत आली, त्यानं तिला उचलून घेतलं. इतकं बरं मला त्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं.

नांदेडला परतले ती गाणं गुणगुणत. रामलिंग जिन्यात बसला होता. त्याचा चेहरा बघून मी गप्प झाले.

“मॅडम,” तो म्हणाला, “आठ दिवस आत कायबी न्हवतं. मी खुर्ची सुदिक आत नेल्ती. काल सरांनी लातूरहून खोकं आणून ठिवलं अन् परत चालू झालं.”

मी आत गेले. काचेच्या कपाटात टोप होता. मळका, एका बाजूची पिसं झडलेली, चकत्यांवर राखेचं बोट उमटलेलं.

सरांनी काही लपवलं नाही. उलट त्यांना शाबासकी हवी होती. “तू नेलास तो रविकिरणनं केलेला,” ते म्हणाले. “बघून बघून केला, आठवडाभर रात्रंदिवस राबला. सांगितलं असतं तर तू भांडली असतीस. आता बघ, त्यांचंही समाधान झालं, आपलंही राहिलं. काय म्हणतात ते, साप मेला आणि काठीही मोडली नाही.”

“तुम्हाला लाज वाटायला पाहिजे,” मी म्हटलं.

“का?” त्यांनी शांतपणे विचारलं. “माणूस बरा झाला की नाही? ओ दिली की नाही? मग देव कशात होता, सांग मला.”

सरांपेक्षा मला माझाच जास्त राग आला. लच्छू खरंच बरा झाला होता. मी पटेलांना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. काय सांगणार होते? तुमचा माणूस खोट्या टोपानं परत आलाय, त्याला पुन्हा झाडाखाली बसवा? दसरा झाला. साहेबांनी पाहुण्यांना टोप दाखवला. दालनात दुपारी घुंगरं वाजत, थांबत. शाळांच्या सहली आल्या की मुलं त्या कपाटाजवळ आपोआप हळू बोलायची. मी माझं टेबल दालनातच हलवलं. तिथे एकटा कुणी उभा आहे आणि सगळे जिन्यात पळून जातात, हे मला बघवेना.

दिवाळी होऊन गेल्यावर जंगूबाई आली. किनवटहून रेल्वेनं, एकटी, नवं लुगडं नेसून. ती नांदेडला पहिल्यांदाच येत होती आणि पत्ता विचारत विचारत स्टेशनपासून चालत आली होती. मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

“ताई, खरं सांगा,” ती म्हणाली. “तुम्ही आनला त्यो टोप आमचाच होता का?”

“कशावरून विचारतेस?”

“आधी सांगा.”

“नाही,” मी म्हटलं. “मलाही माहीत नव्हतं, पण नव्हता. तो लातूरला बनवलेला होता.”

तिनं डोळे मिटले, उघडले. रडली नाही. “मग बरोबर हाय,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. लच्छू चांगला आहे. वेळेवर उठतो, शेतात जातो, दारू शिवत नाही. मुलीला खांद्यावर घेऊन फिरवतो. आवाज चढवत नाही. बाया म्हणतात, जंगू, तुझं नशीब उघडलं. “मी बी म्हणलं, उघडलं. मग दंडारी आली. त्याच्या पायात घुंगरं बांधली, ढोल वाजून राहिला, अन् ह्यो उभाच. लोक म्हणले, नाच की. ह्यो हसून राहिला. मग बाजूला झाला, लोकांत जाऊन उभा राहिला अन् टाळ्या वाजवल्या.” तिनं स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. “ताई, गुसाडीपुढं आमच्यात कुनी टाळ्या वाजवत न्हाई. अन् कुनी फोन धरला, की हा असा सरळ होऊन, हसून उभा राहतो. फोन खाली जाईस्तोर हालत न्हाई. माजा माणूस फोटोच्या वेळी पळून जायचा. लग्नातला बी फोटो न्हाई आमचा.”

मी तिला कपाटाकडे घेऊन गेले. दालनात कुणी नव्हतं. आम्ही दोघी काचेपुढं उभ्या राहिलो, आणि ते सुरू झालं. छन छन, छन छन, छन... ती ऐकत होती. थांबलं तेव्हा तिनं काचेवर हात ठेवला.

“ह्योच,” ती म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी मोडलं. “डावा पाय जरा घासतो. लहानपनी बैलानं तुडवला होता. घरातला घासत न्हाई.”

माझ्याकडे कपाटाची किल्ली होती. त्या क्षणी मला सर, साहेब, नोकरी, कशाचीच पर्वा वाटली नाही. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. तो माणूस एवढ्या दिवसांपासून एक पाय वर धरून उभा होता आणि त्याला सोडवणं हे एकच काम जगात उरलं होतं, एवढंच मला कळत होतं. मी कुलूप काढलं. काचेचं दार सरकवलं. जुन्या राखेचा वास बाहेर आला.

“घे,” मी म्हटलं. “आत्ता घेऊन जा. बाकीचं मी बघते. आजच बोळवण करा.”

जंगूबाईनं हात पुढं केला. बोटं पिसांना लागली असतील, नसतील. मग तिनं हात मागं घेतला.

“त्याचं काय करू?” तिनं विचारलं.

“कुणाचं?”

“घरी हाय त्याचं. ह्यो आला तर त्यो कुठं जाईल? जागा तर एकच हाय, ताई.”

मी काचेचं दार तसंच धरून ठेवलं.

“पोरगी त्याच्याबिगर झोपत न्हाई आता,” ती म्हणाली. “पहिल्या बापाला भ्यायची. त्यो कोन हाय मला ठावं न्हाई. कुठून आला ते बी न्हाई. पण भुकेला हाय, थकतो, ताप आला तर कन्हतो. रात्री दचकून उठला तर हात धरतो माजा. त्याला कुनी बलावलं म्हनून तर आला. आता त्याला कसं म्हनू, जा?”

ती काचेकडे वळली आणि आत बघून गोंडीत काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली, घरच्या माणसाशी बोलावं तसं, मधेच रागावून, मधेच समजूत घालत. मला गोंडीतले चार शब्द येतात, त्यांतला एकच कळला. ती त्याला थांब म्हणत होती. बोलून झाल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. “लावा कुलूप,” ती म्हणाली.

“जंगूबाई, तो इथे असाच राहील. कायमचा.”

“हाव,” ती म्हणाली. “मला समजतंय, ताई. मला सांगू नका परत.”

मी तिला चहा घे म्हटलं, जेव म्हटलं, स्टेशनवर सोडते म्हटलं. तिनं सगळ्याला नाही म्हटलं. गाडी गाठायची होती.

“उशीर झाला तर त्यो जेवायचा थांबतो,” दारात चपला घालताना ती म्हणाली. “कितीबी उशीर होऊ दे, ताट घेऊन बसून ऱ्हातो. पहिला कधी थांबला न्हवता.” हे सांगताना तिला हसू आलं, आणि त्या हसण्याची तिला एवढी शरम वाटली की ती मागं न बघता जिना उतरून गेली.

मी दालनात परत आले. कपाट उघडंच होतं. मी दार सरकवलं आणि कुलूप लावलं.